पंपाचा पाइप, गच्चीजवळची लाइन आणि आपली चिऱ्याची जमीन

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. घराच्या गच्चीशेजारून ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) लाइन गेली आहे आणि वर एक मजला चढवायचा विचार आहे. पोरसातला (परसातला) एक माड त्याच लाइनीकडे कलला आहे. आणि पाऊस सुरू झाल्यापासून विहिरीवरच्या पंपाच्या पाइपाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनने बल्ब लावून पाहिला, ‘अर्थिंग चांगलं आहे, ओलाव्याने होतं असं’ म्हणाला आणि गेला. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, घर माणसांनी भरणार, तर काय काळजी घ्यावी?

मी आधी लाइनीवर आणि नंतर परवानाधारक सुपरवायझर म्हणून घरांच्या, कुळागरांच्या (सुपारीच्या बागांच्या) वायरिंगमध्ये आयुष्य काढले आहे. तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो आजचा आहे. पंपाची लाइन आत्ता बंद करा. नुसते स्टार्टरचे बटण दाबून भागत नाही. मुख्य बोर्डावरचा पंपाचा एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) पाडा, प्लग असेल तर उपसून ठेवा. पाइप, व्हॉल्व्ह, टाकीचा नळ यांना कोणी हात लावू नये आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. एमसीबी पाडूनही कुठे वीज जाणवली तर बिघाड तुमच्या घराबाहेरचा, न्यूट्रलचा किंवा शेजारच्या जोडणीचा असू शकतो; मग १९१२ वर वीज खात्याला कळवा. आणि ‘गेली की आहे अजून’ हे हाताची मागची बाजू टेकवून बघायची सवय अनेकांना असते, ती कृपा करून सोडा. ते काम मीटरचे आहे.

झिणझिण्या आल्या म्हणजे वीज थोडी आहे, असा समज सगळीकडे दिसतो. तो खोटा आहे. पाइपावर पूर्ण २३० व्होल्ट असू शकतात. त्या दिवशी तुमची चप्पल कोरडी होती किंवा बोट निसटते लागले, म्हणून झिणझिण्यांवर निभावले. शरीरातून साधारण १० मिलिअँपियर गेले की मुठीचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू लागतात. ५० ते १०० च्या टप्प्यात हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. आता तोच पाइप, पण माणूस अनवाणी, अंग भिजलेले, पायाखाली शेवाळ धरलेला कट्टा. अशा वेळी शरीराचा अवरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो आणि अंगातून २३० मिलिअँपियर जाऊ शकतात. पंपाचा एमसीबी असतो १६ अँपियरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपियरचा. माणूस जाईल तरी त्याला पत्ता लागणार नाही. एमसीबी आणि फ्यूज हे वायरला आगीपासून वाचवण्यासाठी असतात, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे.

आता बल्बची गोष्ट. तुमच्या वायरमनने केले ते गावोगाव केले जाते: होल्डरची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला, आणि बल्ब लख्ख पेटला की ‘अर्थिंग ओके’. हिशेब करून बघा. १०० वॉटचा बल्ब घेतो ०.४३ अँपियर. अर्थिंगचा अवरोध ५० ओहम, म्हणजे वाईटच, असला तरी तिथे जेमतेम २२ व्होल्ट खर्ची पडतात. बल्बला २०८ व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्यांना पूर्ण पेटलेलाच दिसतो. हल्लीचा ९ वॉटचा एलईडी लावला तर अर्थिंग कितीही भिकार असो, तो पेटणारच. पण खरा बिघाड झाला, मोटरीचे वाइंडिंग तिच्या लोखंडी अंगाला टेकले, की त्याच ५० ओहममधून फक्त ४.६ अँपियर जमिनीत जातात. १६ अँपियरचा एमसीबी ते निवांत सहन करतो. तो पडत नाही, पंप कदाचित चालूही राहतो आणि पाइप जवळजवळ पूर्ण व्होल्टेजने जिवंत असतो. अर्थिंग मोजायला अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते. त्याचे दोन खिळे ठराविक अंतरावर जमिनीत ठोकून ओहममध्ये आकडा घेतात. आकडा न सांगता जो ‘चांगलं आहे’ म्हणतो, त्याने मोजलेले नाही.

हा त्रास आपल्याकडे जास्त का, याचे उत्तर पायाखाली आहे. गोव्याचा बराच भाग चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या, दगडावर बसला आहे. हा दगड सच्छिद्र. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो झिरपून खाली निघून जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत वरचा थर ठणठणीत कोरडा पडतो. कोरडा चिरा वीज सहज घेत नाही. म्हणून जुलैत मोजलेले अर्थिंग मे महिन्यात त्याच खड्ड्यात कितीतरी पट वाईट निघते. मोजायचे असेल तर भर उन्हाळ्यात मोजा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर त्यातले मीठ आपल्या पावसात दोन-चार वर्षांत वाहून जाते, आणि किनारपट्टीला, पेडणे-बार्देशात, खाऱ्या हवेने जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी जमिनीलगत कुजून तुटलेली सापडते; वरून सगळे जाग्यावर दिसते, हाताने हलवले की तुकडा हातात. तुमच्याकडे कुळागर असेल तर त्याचा फायदा घ्या. जिथे बारमाही ओल असते, पाटाजवळ, तिथे ३ मीटरचे दोन रॉड एकमेकांपासून किमान ६ मीटरवर गाडून जोडले तर चिऱ्यात पाडलेल्या एका खड्ड्यापेक्षा खूप चांगला निकाल मिळतो.

तरीही, नुसत्या अर्थिंगवर मी कोणाचा जीव सोपवणार नाही. आपल्या जमिनीत घरगुती अर्थिंग इतके चांगले होणे कठीण, की त्याच्या जोरावर एमसीबी खात्रीने पडेल. म्हणून आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून लाइन तोडणारा स्विच. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, एवढेच ती बघते. ३० मिलिअँपियर कमी आले, म्हणजे ते कुठूनतरी जमिनीत चालले आहेत, की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. आणि खरी गंमत इथे आहे: ५० ओहमच्या त्याच वाईट अर्थिंगवर ३० मिलिअँपियर म्हणजे पाइपावर फक्त दीड व्होल्ट. जे अर्थिंग एकटे निरुपयोगी होते, तेच आरसीसीबीच्या जोडीने भरपूर झाले.

विकत घेताना ३० एमए लिहिलेली घ्या. १०० किंवा ३०० ची आगीच्या संरक्षणाला ठीक, माणसाला नाही. टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडली नाही तर ती बाद झाली. तिच्या मर्यादाही लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर गेलेली वीज परत आलीच, ती गप्प बसेल. आणि खांबावरच्या तारेशी तिचा काहीच संबंध नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते, म्हणून ती काढून टाकलेली किंवा वायर फिरवून बाजूला केलेली घरे मी खूप बघितली आहेत. ती पडते कारण कुठेतरी गळती आहे, आणि ती गळती शोधायची असते. बहुतेक वेळा जागा ठरलेल्या असतात: पोर्चमधला दिवा, गेटची बेल, कंपाउंडच्या भिंतीतला जुना पाइप, आणि पंप. कुळागरातला पंप उघडला की जे दिसते ते असे: टर्मिनल बॉक्सचे झाकण कधीच हरवलेले, त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली, आत घामासारखे पाण्याचे थेंब, मुंग्यांनी आणलेली माती, आणि वायरचा जोड काळ्या टेपने गुंडाळलेला, त्या टेपचा डिंक उन्हाने वितळून टेप सैल सुटलेली. तिथून पाणी लोखंडाला आणि वीज पाण्याला धरून पाइपावर येते. तुमच्याकडे नव्वद टक्के हेच निघेल असे मला वाटते. नवीन झाकण, रबरी पॅकिंग, केबल आत येते तिथे ग्लँड (केबल घट्ट धरणारे, पाणी अडवणारे बूच), आणि मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासून घ्या. मेगर खराब दाखवत असेल तर मोटर रिवाइंडिंगला द्या. घराबाहेरच्या सगळ्या लाइनी, म्हणजे पंप, पोर्च, बागेतले दिवे, वेगळ्या आरसीसीबीवर काढा. म्हणजे बाहेर काही झाले तरी घरातला फ्रिज आणि दिवे चालू राहतील आणि ‘काढून टाका ती कटकट’ असे कोणी म्हणणार नाही.

गच्चीजवळच्या लाइनीकडे येतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्हीची तार इमारतीच्या कोणत्याही भागापासून आडवी किमान १.२ मीटर आणि इमारतीवरून जात असेल तर सर्वात उंच भागापासून ३.७ मीटर वर हवी. ३३ केव्हीला आडवे अंतर २ मीटर. साध्या ४१५ व्होल्टच्या लाइनीला आडवे १.२ आणि उभे २.५ मीटर. हे अंतर तार सर्वात जास्त झोळ खाते तेव्हाचे आहे. थंड सकाळी मोजून समाधान मानू नका, दुपारच्या उन्हात आणि भरल्या लोडला तार खाली येते, वाऱ्यात बाजूला झुलते. आणि इमारतीचा भाग म्हणजे भिंत नव्हे, छज्जा, सज्जा, पत्र्याची शेड, सगळे आले.

हे अंतर घरासाठी आहे. त्या घरात वावरणाऱ्या माणसाच्या हातातल्या वस्तूंसाठी नाही. १.२ मीटर म्हणजे हात आणि हातातली छत्री. ११ केव्हीला स्पर्शही लागत नाही, अगदी जवळ गेले की ती हवेतून उडी घेते. माझ्या डोळ्यांसमोर आलेले बहुतेक अपघात तारेला हात लावून झालेले नाहीत. गच्चीवर स्लॅबसाठी वर ओढलेली सळई, मिरगाआधी पोर्चवर चढवायचा जस्ताचा पत्रा, फिरवून ठेवायला उचललेली अ‍ॅल्युमिनियमची शिडी, आंबे काढायची लांब होणारी धातूची काठी, डिशची छत्री नीट करताना हललेला पाइप. माणसाची नजर कामावर असते, वस्तूच्या दुसऱ्या टोकावर नसते. म्हणून लाइनीच्या जवळ अप्रशिक्षित हाताने काम करायचे असेल तर मी ३ मीटर अंतर सांगतो, आणि ते माणसापासून नव्हे, त्याच्या हातातल्या सर्वात लांब वस्तूच्या टोकापासून.

तर मजला चढवण्यापूर्वी तुमच्या वीज उपविभागाच्या सहाय्यक अभियंत्याला लेखी अर्ज करा. लाइनीच्या जवळ बांधकाम करण्याआधी कळवणे नियमाने बंधनकारक आहे. जागा बघून ते लाइन हलवायची की कसे, याचे अंदाजपत्रक देतात; आपल्या बांधकामासाठी हलवायची असेल तर खर्च साधारणपणे आपल्याला भरावा लागतो. तो जड वाटेल. पण सेंटरिंगचे कामगार सळया वर ओढू लागल्यावर लाइन तिथेच असेल, तर त्या खर्चाशी तुलना होण्यासारखे काही उरत नाही. लाइन बदलून काळी केबल टाकली तरी तिला हात लावायला मोकळीक झाली असे समजू नका. त्या आवरणावर वर्षानुवर्षे ऊन पडते, चुडते (माडाच्या झावळ्या) घासतात, आणि ते कुठे झिजले हे खालून दिसत नाही.

माडाचे म्हणाल तर पाडेल्याला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) एकट्याला सांगू नका. नारळ पाडायचे असोत की माड कापायचा असो, हातात लोखंडी कोयता, वर भिजलेली झावळ, आणि ती तोडली की कुठे जाईल हे वारा ठरवतो. ओली झावळ तारेवर टेकलेली असताना माडाच्या खोडावर माणूस असेल, तर तो माडच त्याच्यासाठी तार होतो. अर्जात माडाचा उल्लेख करा. पावसाळ्याआधी वीज खाते लाइनीलगतच्या फांद्या छाटते तेव्हाच हे काम झालेले बरे. आता पावसाळा सुरू आहे, तर लायनमन जागेवर हजर असताना, लाइन रीतसर बंद करून, दोरीने झावळ्या बांधून उतरवायच्या. ‘ट्रान्सफॉर्मरवरचा डीओ (फ्यूज) बांबूने पाडू, दहा मिनिटांचं काम आहे’ असे म्हणणारा तरुण प्रत्येक वाड्यावर असतो. त्याला हात धरून थांबवा. भिजलेला बांबू वीज वाहून नेतो. शिवाय एका ठिकाणचा फ्यूज पाडला म्हणजे लाइन मेली असे होत नाही.

ती मेलेली का नसते, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यात झाड पडून रस्ता अडला की आपल्या गावांत लायनमनच्या आधी कोयते घेऊन मुलेच पोचतात. मदतीची वृत्ती चांगली आहे, पण तारेखाली ती जीवघेणी ठरते.

पडलेली तार ठिणग्या उडवत नाही, आवाज करत नाही, गावात अंधार आहे, म्हणून लोक तिला मेलेली समजतात. मुळात ती पडली की सबस्टेशनात ब्रेकर पडेलच, ही खात्री नसते. इथे पुन्हा आपली जमीन आडवी येते. कोरडा चिरा, डांबर, रेती यांच्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारी वीज इतकी थोडी असू शकते की सबस्टेशनला तो नेहमीचा लोड वाटतो. पाइपावर जे घडते तेच इथे ११,००० व्होल्टला घडते. आणि ब्रेकर पडला असला, तरी पलीकडच्या गावांची लाइन चालू करण्यासाठी फीडर (सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाइन) पुन्हा लावून बघितला जातो. पाच मिनिटांपूर्वी निर्जीव असलेल्या तारेत तेव्हा पूर्ण दाब येतो.

पडलेल्या तारेत वीज येण्याची तिसरी वाट घरांतून येते. वीज गेली की कोणीतरी छोटा जनरेटर काढतो आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून ती घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतो. मेन स्विच पाडला नसेल तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये २३० चे पुन्हा ११ केव्ही होते आणि तुटलेल्या तारेवर, तिच्यावर काम करणाऱ्या लायनमनच्या हातात पोचते. म्हणूनच लायनमन लाइन क्लिअर (लाइन बंद केल्याची रीतसर परवानगी) घेतो, स्विच उघडे करतो, तारेत वीज नाही हे तपासतो आणि मग डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या दोन्ही बाजूंनी लाइन जमिनीला बांधतो. हे सगळे होईपर्यंत झाडाच्या फांदीलाही कोयता लावायचा नाही. जनरेटर ठेवायचा असेल तर चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी लाइन तरी, नाहीतर जनरेटर तरी. ती दोन प्लगांची वायर ज्यांच्या घरी असेल त्यांनी आजच कापून टाकावी.

तार पडलेली दिसली तर किमान १० मीटर लांब राहा. तार जिथे टेकते तिथून जमिनीत वीज पसरते, आणि जवळ जास्त, लांब कमी असा दाब जमिनीवरच तयार होतो. मोठे पाऊल टाकले की एका पायाखाली जास्त आणि दुसऱ्याखाली कमी, मधल्या फरकाची वीज पायांतून वर चढते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते म्हणून ती आधी दगावतात. मळ्यात गाय आडवी पडलेली दिसली आणि जवळ खांब असेल तर तिच्याकडे धावू नका. आपण नकळत जवळ पोचलो आहोत असे लक्षात आले तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, टाचेला अंगठा घासत मागे सरका. गाडीवर तार पडली तर आतच बसून राहा, काचेतून लोकांना लांब राहायला सांगा. गाडीला आग लागली तरच बाहेर, तेही पाय जुळवून उडी मारून, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता. भाताच्या शेतात किंवा साचलेल्या पाण्यात तार असेल तर दहा मीटरही धरून चालू नका, पाण्याच्या बाहेरच थांबा. दोन माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी करून येणारे-जाणारे थांबवा आणि १९१२ ला फोन करा. खांबावर क्रमांक असेल तर तो सांगा, नसेल तर वाडा, देऊळ, जवळचा ट्रान्सफॉर्मर सांगा.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वादळात घरातले काही दिवे अचानक लख्ख आणि काही मंद झाले, पंखा वेड्यासारखा फिरू लागला, तर बाहेर न्यूट्रल तुटल्याची शक्यता मोठी. मेन स्विच पाडा आणि कळवा. त्या अवस्थेत फ्रिज, टीव्ही जळतातच, शिवाय न्यूट्रलला जोडलेल्या धातूच्या वस्तूही धोकादायक होतात. रात्री पावसात खांबावर चर्र आवाज किंवा निळसर ठिणगी दिसली तर चिनी मातीचा इन्सुलेटर फुटलेला असू शकतो; तेही कळवा. खांबाच्या ताणाला (खांब ओढून धरणाऱ्या तारेला) गुरे बांधू नका, कपड्यांची तार तर मुळीच नको.

चवथीसाठी माटोळीचे बघा. ताज्या फांद्या, फळे, ओले सुपारीचे घोस, आणि त्यांतून फिरवलेली बारीक वायरची दिव्यांची माळ, असा तो ओला मांडव असतो, आणि खाली पाट, समई, पाणी. माळ बांधायची तर फळे टांगायच्या आधी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने फिरवा, जोड कुठेही पानांत ठेवू नका, आरसीसीबी असलेल्या सॉकेटमधूनच द्या आणि रात्री बंद करा. माळेच्या वायरला हाताने सोलून सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून बसवणे तर घरातल्या मोठ्या माणसांनी डोळ्यांसमोर होऊ देऊ नये.

पुढे दिवाळीला वाड्यावरची मुले नरकासुर करतील आणि शिगम्याला चित्ररथ निघतील, तेव्हा हा हिशेब त्यांना द्या: रस्ता ओलांडणारी साधी लाइन किमान ५.८ मीटरवर, ११ केव्ही ६.१ मीटरवर असायला हवी. ट्रकचा हौदा सव्वा मीटर, त्यावर ५ मीटरचा नरकासुर उभा केला की मुकुट तारेत गेलाच, आणि त्याचा सांगाडा लोखंडी असतो. बांबूने तार उचलून वाट काढणे हा उपाय नाही. मार्ग दिवसा चालून तारा बघा आणि उंची त्याप्रमाणे आधीच ठरवा.

रानडुकरांसाठी कुंपणाला घरातली वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. सौर कुंपणाचे यंत्र सेकंदाला एखादाच, अतिशय छोटा झटका देते, घरची वीज सोडत नाही. कुळागराला तेच लावा.

आता कोणाला शॉक बसलाच तर. घरातली लाइन असेल तर आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला बाजूला ढकला, त्याला हाताने ओढू नका. ११ केव्ही असेल तर यातले काहीही चालत नाही. लाइन बंद झाल्याचे खात्याने सांगेपर्यंत जवळ जायचे नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी. माणूस सुटल्यावर हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसती आचके दिल्यासारखी धाप असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करावी: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता, दमलात तर दुसऱ्याकडे देऊन. वाळूत ठेवणे, पाणी पाजणे, तळवे घासत बसणे यात वेळ घालवू नका. आणि तो उठून बसला, ‘काही झालं नाही मला’ म्हणाला, तरी वाळपईच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन ईसीजी काढून घ्या. वीज आतून जाळते आणि बाहेर फक्त तळहातावर एक पांढुरका डाग दिसतो. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

पंपाचे इन्सुलेशन आणि अर्थिंगचा आकडा हाती आला की मला कळवा. वायरमनला दोन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून द्यायला सांगा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजाल तेव्हा ते लागतील.